अंगणातला नळ टपकून राहिला

वैशूची माय, अंगणातला नळ टपकून राहिला.

ही बातमी सगळ्यात आधी तुलाच द्यायची असते. आतापर्यंत तसंच चालत आलं. मी ड्युटीवरून यायचो, हातपाय धुवायचो, कुठं काही टपकताना, करकरताना दिसलं की तुला हाक मारायचो आणि खाटेवर जाऊन पडायचो. पुढचं तू बघायची. आता हाक मारून कोण येणार, म्हणून लिहितो. लिहायची मला सवय नाही, हात स्टिअरिंगचा आहे. अक्षर वाकडं आलं तर हसू नको.

तुला घेऊन गेलो त्या दिवसापासून हा टपकायला लागला. घाटावरून आम्ही सगळे परत आलो, कडुनिंबाचा पाला तोंडात धरला आणि अंगणातल्या नळावर पाय धुवायला रांग लागली. तुझा भाऊ, माझे भाऊ, गल्लीतले, माझ्या सोबतचे जुने ड्रायव्हर. ज्यानं त्यानं नळ उघडला आणि ज्यानं त्यानं डोळे पुसत-पुसत जीव खाऊन पिळला. मी खाटेवर बसून बघत होतो. घरात एवढी माणसं, पण "जोरानं नोका पिळू जी, वायसर दबते" असं म्हणणारं एक माणूस नव्हतं. तेव्हा मला समजलं की तू गेली. घाटावर नव्हतं समजलं.

मी बादली लावली. बादली भरली की तुळशीला टाकायचो, पुन्हा लावायचो. तुळस सडायला आली. तेरवी होईपर्यंत पाव्हण्यांच्या गोंधळात कोणाचं लक्ष गेलं नाही. तेरवी झाली, माणसं आपापल्या गावाला गेली, आणि दुपारी घरात मी आणि वैशू दोघंच उरलो तेव्हा तो आवाज नीट ऐकू यायला लागला. वैशू भांडी आवरून राहिली होती, ती थांबली.

"बाबा, हा नळ कधीपासून टपकून राहिला?"

"टपकू दे. बादली लावली ना."

"आई असती तर टपकला असता का?"

तिनं हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसली. तिचं बसणं तुझ्यासारखंच आहे, मांडी घालून, भांडायच्या तयारीनं. म्हणाली, नागपूरला चला माझ्यासंग. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, अथी या घरात काय करता एकटे? मी म्हटलं, राहतो. ती म्हणाली, तुम्हाले चहा येते, वरण येते, पोहे येतात, मान्य. पण घर म्हणजे तेवढंच आहे का? एक नळ तुमच्यानं होत नाही. उद्या टाकी फुटली, परवा मोटर जळली, कोणाले हाक माराल?

मला राग आला. तुला माहीत आहे, मला राग आला की मी शर्त लावतो. म्हटलं, हा नळ मी माझ्या हातानं दुरुस्त करून दाखवतो. ती पण तुझीच लेक. म्हणाली, ठीक आहे, प्लंबर बोलवायचा नाही. पुढच्या रविवारी मी कुलूप घेऊनच येईन. नळ टपकत असला तर घराले कुलूप, अन् तुम्ही माझ्या गाडीत. मी म्हटलं, मंजूर.

ती गेली आणि मी त्या नळाकडे बघत बसलो. आता काय सांगू तुला. मला नागपूरची भीती नाही. जावई सोन्यासारखा आहे. पण मला हे घर मिळूनच किती वर्षं झाली? आयुष्यभर मी बस घेऊन गोंदियाहून निघायचो, कोहमाऱ्याला चहा प्यायचो, देवरीच्या पलीकडं कुठल्या तरी गावात मुक्काम करायचो आणि दुसऱ्या दिवशी परत. नागऱ्याच्या रस्त्यावरची ही जागा घेतली, पाया खोदला, स्लॅब पडला, ते सगळं तू बघितलं. मी सुट्टीच्या दिवशी येऊन "छान झालं" म्हणायचो. रिटायर झालो त्या दिवशी तू म्हणाली, "आता राहा जी घरी, पाव्हण्यासारखे येऊन राहिले होते." मी आत्ता कुठं राहायला लागलो होतो. कोणत्या खिडकीतून ऊन येते, कोणत्या दाराचा कडीकोंडा वर उचलून लावावा लागते, हे आत्ता कुठं समजायला लागलं होतं. अन् तू मधातच उठून गेली.

नळाचं तुझं कसं सुरू झालं ते मला आठवते. घर नवीन होतं, वैशू लहान होती, मी मुक्कामाला. स्वयंपाकघरातली तोटी गळायला लागली. तू शेजारच्या बिसेनकडून पाना मागून आणला आणि स्वतःच उघडून बसली. दुसऱ्या दिवशी मी आलो तर तू नखशिखांत ओली आणि नळ बंद. मी म्हटलं, प्लंबर का नाही बोलावला? तू म्हणाली, "घरात माणूस नसताना परक्याले कायले बोलवू?" त्यात मला टोमणा होता, तो मला फार उशिरा लागला. तेव्हा मी जेवून झोपलो.

मग तुला नादच लागला. अंगणातली ही पितळी तोटी तू गोंदियाच्या बाजारातून स्वतः निवडून आणली. दुकानदार प्लास्टिकच्या दाखवत होता, रंगीत. तू एकेक हातात घेऊन तोलायची, भाजीवालीकडं वांगं तोलतात तशी, आणि परत ठेवायची. मी बाहेर उभा, माझी ड्युटीची वेळ होऊन राहिलेली. शेवटी तू ही काढली. म्हणाली, "हे आपल्याले पुरून उरते." मी म्हटलं, तोटी आणायला आलो का सून बघायला?

तुझं काम करणं मी खाटेवरून बघायचो. पदर खोचलेला, सुताचा धागा दातात धरलेला, आणि धागा दातात असल्यामुळं शिव्या अर्ध्याच ऐकू यायच्या. आधी घरातले सगळे पाण्याचे गुंड, बादल्या, कढया भरून ठेवायची. मी हसायचो, लग्नघर आहे का म्हणायचो. मग स्लॅबवर चढायची, टाकीखालचा कॉक बंद करायची, खाली येऊन नळ उघडायची. दरवेळी मला म्हणायची, "या ना जी, बघून घ्या. शिकून ठेवा."

"कायले शिकू? तू आहे ना."

"मी नसली तर?"

"मीच आधी जातो, तू कायले काळजी करतं?"

"तुम्ही आधी गेले तर माझं काही अडत नाही, मले सगळं येते. मी आधी गेली तर तुमचं काय?"

किती वेळा झालं हे भांडण. आधी कोण जाणार यावर आपण जेवताना भांडायचो, बसमध्ये भांडायचो, एकदा तर नागऱ्याच्या महादेवासमोर हात जोडून उभं राहून भांडलो. पुजारी बघत राहिला. मी कधी हरलो असं मानलं नाही. तू पण नाही.

तुझ्यापुढं मी एकदाच चूप बसलो, ते देवरीच्या रस्त्यावर. तुझ्या भावाच्या घरी बारसं होतं आणि तू वैशूला घेऊन माझ्याच बसमध्ये बसली, माझ्या मागच्या सीटवर. कोहमाऱ्याला गाडी थांबली. मी धाब्यावर चहा घेत होतो. तू खाली उतरून गाडीच्या पुढं वाकून बघितलं आणि माझ्याजवळ आली. "तुमची गाडी टपकून राहिली जी." मी सगळ्यांसमोर म्हटलं, तुले गाडीतलं काय समजते, जाऊन बस. तू जाऊन बसली. पुढं जंगलात, देवरी यायच्या अलीकडं, गाडीनं वाफ सोडली आणि बंद पडली. सगळे पॅसेंजर खाली. मला कोणाकडं बघवेना. तू वैशूसाठी आणलेली पाण्याची कॅन घेऊन आली, माझ्या हातात दिली आणि सागाच्या झाडाखाली जाऊन उभी राहिली. बाकीच्या बायांनी पण आपापल्या बाटल्या दिल्या, तेव्हा देवरी गाठली. घरी परत आल्यावर फक्त एवढंच म्हणाली, "जे टपकते ते आपोआप बंद नाही होत जी." वरण वाढता-वाढता म्हणाली. मी पापड मोडत बसलो.

तर मी नळ दुरुस्त करायला बसलो. पण त्याआधी चपलेचं काढावं लागते, कारण चपलेवरून बिसेनशी झालेल्या भांडणाचा निकाल लागला आहे आणि तो तुझ्या विरोधात गेला आहे.

आठवते ना माझी निळी चप्पल? रबराची, जाड तळव्याची. ड्युटीचे बूट काढले की तेवढाच काय तो आराम होता पायाला. मुक्कामावरून आलो आणि बघतो तर जोड गायब. मी घर डोक्यावर घेतलं. तू पोळ्या लाटत होती, मान वर न करता म्हणाली, "बिसेनच्या कुत्र्यानं नेलं असेल." एवढंच. मी तसाच उघड्या पायानं बिसेनच्या दारात. त्याच्या मोत्याला चोर म्हटलं. बिसेन म्हणाला, माझा मोत्या कोणाच्या चपलेला तोंड लावत नाही. मी म्हटलं, मालकासारखाच चोर असेल. मग आमच्या पोवारी बोलीत जे भांडलो आम्ही दोघं, अख्खी गल्ली बाहेर आली. त्या दिवसापासून बोलणं बंद. एका भिंतीला दोन घरं आणि वर्षानुवर्षं राम राम नाही. त्याच्या पोराच्या लग्नाला तू गेली, मी नाही गेलो. तुला खांदा द्यायला तो आला. माझ्या पुढं चालत होता, खांद्याला खांदा लागत होता, पण तो माझ्याशी बोलला नाही आणि मी त्याच्याशी बोललो नाही.

आता नळाचं. आधी तुझा डबा काढला, तांदळाच्या कोठीवरचा, बिस्किटाचा जुना पत्र्याचा. वरच पाना होता, त्याच्याखाली सुताचं रीळ, पाइपाच्या जोडाला लावायचा, वाळून दगड झालेला सफेदा, एक ब्लेड. तळाशी तुझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं काही होतं. म्हटलं चिंध्या असतील. तसंच राहू दिलं.

स्लॅबवर चढलो. गुडघ्यांनी निषेध केला, मी ऐकलं नाही. टाकीखाली बघतो तर तीन कॉक, आणि तू प्रत्येकाला चिंधी बांधून ठेवलेली, एक लाल, एक हिरवी, एक पिवळी. कोणता कोणाचा, हे तुझ्या डोक्यात. मी ड्रायव्हर माणूस, मला वाटलं लाल म्हणजे थांबा. लाल बंद केला. खाली आलो, पाना लावला, मधला मोठा नट फिरवला. फिरेना. मग लक्षात आलं, उलट्या बाजूला फिरवून राहिलो. सुलटा फिरवला, नट ढिला झाला आणि नळानं अशी पिचकारी मारली की चष्मा उडाला. तोटीची मुंडी माझ्या हातात, पाणी माझ्या तोंडात, आणि मी दोन्ही तळव्यांनी नळ दाबून उभा. कॉक बंद करायला जाऊ तर पाणी सुटते. तसाच उभा राहिलो. तुझ्यावर फार चिडलो मी तेव्हा, खरं सांगतो. नाव न लिहिता चिंध्या बांधून गेली म्हणून.

"हिरवी. हिरवी चिंधी."

वर बघितलं. बिसेन त्याच्या स्लॅबवर उभा होता, धान वाळत घातलं होतं ते पायानं पसरवत. एवढ्या वर्षांनी त्याच्या तोंडातून माझ्यासाठी निघालेला हा पहिला शब्द.

मी म्हटलं, "हात सोडता येत नाही ना."

तो मधली भिंत ओलांडून इकडं, तुझ्या-माझ्या स्लॅबवर आला. त्याचं पण वय झालं आहे, एक पाय टाकून दुसरा आणायला त्याला वेळ लागला. वरून आवाज आला, कॉक फिरला, आणि माझ्या तळव्याखालचं पाणी हळूहळू मेलं. मी विचारलं, तुम्हाले कसं माहीत? तो म्हणाला, "आमच्या घरी पण वहिनीनंच बांधून दिल्या. लाल स्वयंपाकघर, पिवळी संडास-मोरी, हिरवी अंगण. आमच्याकडं पण तसंच आहे."

तू त्याच्या घरी जाऊन नळ दुरुस्त करायची? माझं त्याच्याशी बोलणं बंद असताना?

चष्मा शोधला, पुसला. नळाच्या पोटातून तो पितळी तुकडा काढला, भोवऱ्यासारखा असतो छोटा, त्याच्या खाली वायसर, म्हणजे रबराची चकती, बसते. वायसर पार दबून गेलं होतं, मधात गोल खाच पडलेली. नखानं खरवडून काढलं, अंगठ्यानं पुसलं. काळं असते वायसर, दुकानातलं. हे पुसलं तर निळं निघालं.

मी ते बोटात धरून बघत राहिलो. तो निळा रंग मी कुठंही ओळखला असता. मग उठलो, ओल्या धोतरानं घरात गेलो, डब्यातलं ते लुगड्यात गुंडाळलेलं काढलं आणि अंगणात येऊन सोडलं. माझा जोड. एक चप्पल धड, कोरी असावी तशी. दुसरीच्या टाचेत गोल-गोल भोकं, एकाला लागून एक, जाळीदार अनरशावर दिसतात तशी.

मी तिथंच चिखलात बसलो. आधी हसलो का आधी रडलो, ते आता सांगता येत नाही. रडलो हे नक्की. तू गेल्यापासून लोकांसमोर डोळे पुसत होतो तसं नाही, मोठ्यानं. आणि मधामधात हसायला येत होतं, कारण मला ते चित्र दिसत होतं, दुकान बंद आहे, टाकी खाली होऊन राहिली, मी मुक्कामाला, आणि तू माझी चप्पल ब्लेडनं कापत बसली आहे. हे उद्या मुक्कामावरून येतील तेव्हा सांगू म्हणून. आणि मी आलो तो ओरडतच आलो. तू कुत्र्याचं नाव घेतलं आणि मी थेट बिसेनच्या दारात. मग सांगते कधी?

बिसेन खाली येऊन उभा राहिला होता.

"सापडली का?" त्यानं विचारलं.

"तुम्हाले माहीत होतं?"

"साऱ्या गल्लीले माहीत होतं."

"मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"वहिनीनं शपथ घातली होती. म्हणे, त्यांनी ऐकलं तर नळ उपटून फेकतील." मग म्हणाला, "आमच्या मोरीच्या नळात पण तुमचीच चप्पल आहे, पटलेभाऊ. रागावू नोका."

म्हणून बिसेनबाईचं ते तसं वागणं. आठवते ना, मी कधी चपलेचा विषय काढला की ती तोंडावर पदर धरून घरात पळायची. मला वाटायचं, लाजते. तुम्ही दोघी भिंतीच्या पलीकडं माझ्या चपलेवर हसत होत्या एवढी वर्षं.

मी बिसेनला म्हटलं, मोत्याले चोर म्हटलं होतं ते मी वापस घेतो. तो म्हणाला, मोत्या जाऊन किती वर्षं झाली. मी म्हटलं, तरी घेतो. तो मान हलवून म्हणाला, "मले चपलेचा राग नव्हता. त्याले चोर म्हटलं त्याचा होता." तो खोटं बोलत नव्हता. मुक्या जनावराचं नाव खराब झालं तर कोणालाही वाईट वाटते. तो आत गेला आणि भिंतीवरून पाण्याचा एक गुंड माझ्याकडं दिला, कारण मी पाणी बंद केलं होतं आणि घरात एक तांब्यासुद्धा भरून ठेवला नव्हता. चिखलाचे हात धुवायला पाणी नाही. तुझे ते भरलेले गुंड आणि कढया तेव्हा आठवल्या.

ते निळं वायसर पलटवून बघितलं. तू म्हणायची ना, एक बाजू दबली की पलटवायची, दुसरी कोरी असते. पण दुसऱ्या बाजूला पण खाच होती. म्हणजे तू आधीच कधीतरी पलटवून ठेवलं होतं. नवीन कापावंच लागणार होतं. मी चप्पल मांडीवर घेतली. टाचेला अजून जागा होती, भोकांच्या मधात. जुनं वायसर वर ठेवून ब्लेड फिरवलं. माझी चप्पल मी माझ्या हातानं कापली, ऐकून राहिली का? पहिलं वाकडं आलं. दुसरं बरं आलं. मधात भोक पाडलं, तुकड्यावर बसवलं, सूत गुंडाळलं. धागा दातात धरला होता आणि तेव्हा समजलं की धागा दातात असताना माणूस नीट रडू पण शकत नाही.

नट आवळला. बिसेन पुन्हा वर चढला आणि हिरवा उघडला. नळाच्या तोंडाला एक थेंब आला. मी त्याच्याकडं बघत राहिलो. तो पडला. दुसरा आला, लोंबला, बराच वेळ लोंबला, आणि तसाच सुकून गेला. त्यानंतर काही नाही. बिसेननं वरून विचारलं, झालं का? मी हात वर केला. मग बिसेनबाईनं भिंतीवरून चहा दिला आणि तोंडावर पदर धरून आत गेली.

एक गोष्ट तुझ्या कानावर घालायची राहिली होती. ती मी तू असताना म्हणायला पाहिजे होती, पण ड्युटीवरून आलेला माणूस जेवतो आणि झोपतो. हे घर तू चालवलं. मी फक्त येऊन जायचो. लोक मला म्हणायचे, ड्रायव्हरसाहेब, घर छान ठेवलं, आणि मी मान हलवायचो, जणू काय मी ठेवलं. तू बाजूला उभी असायची, एकदा पण म्हणाली नाही की हे नळ, हे कॉक, ही कडी माझ्या हातची आहे. तुझं ऋण फेडायचं म्हटलं तर आता काय फेडणार. पण तू शिकवत होती ते मी ऐकत होतो, वैशूची माय. खाटेवर पडून, डोळे मिटून, झोपलो आहे असं दाखवून, पण ऐकत होतो. नाहीतर पलटवायचं, सूत कोणीकडून गुंडाळायचं, हे मला कुठून आलं?

काल रविवार होता. वैशू आली. गाडीतून उतरली, मला भेटायच्या आधी नळाकडं गेली. खाली बादली नव्हती. तिनं नळाखाली तळहात धरला, चांगला वेळ धरला. कोरडा होता. मला विचारलं, प्लंबर? मी म्हटलं, बिसेनकाकाले विचार. बिसेनचं नाव माझ्या तोंडून ऐकून ती माझ्याकडं बघायलाच लागली.

मग तिनं नळ उघडला, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि तिच्या बापाच्या खानदानात सगळे जसा बंद करतात तसा जोरानं पिळायला लागली.

"जोरानं नोको पिळू व, वायसर दबते," मी म्हटलं.

ती तशीच थांबली, नळावर हात ठेवून. माझाच आवाज होता, पण बोलणं तुझं होतं. तिनं डोळे पुसले, नळ थोडा उलटा फिरवला आणि दोन बोटांनी हळूच बंद केला. मग तिचं लक्ष माझ्या पायाकडं गेलं.

"बाबा, हे काय घातलं पायात? भोकं आहेत याले."

"माझी चप्पल. हरवली होती."

"कुठं सापडली?"

"तुझ्या मायनं ठेवली होती," मी म्हटलं.

दुपारी दोघांनी मिळून स्वयंपाक केला, तिनं वरण केलं, मी पोळ्या लाटल्या, एकही गोल नव्हती. संध्याकाळी ती निघाली. तिला सोडून मी आत आलो, पाना जागेवर ठेवावा म्हणून तुझा डबा उघडला. सुताच्या रिळाजवळ एक नवीन कुलूप ठेवलेलं होतं, किल्लीसकट.